उचलली जीभ, लावली टाळ्यांना

दार लाव आणि बस. तिकडे गादीवर नाही, या स्टुलावर. बोलताना मला तुझा चेहरा दिसला पाहिजे. मोबाइल पर्समध्ये टाक. पालथा ठेवला म्हणजे तो झोपला असं होत नाही. चहा मिळेल, पण नंतर. आधी शनिवारच्या आयत्या वेळच्या प्रयोगाचा हिशेब.

प्रेक्षकांतून शब्द आला, ‘शेवटची एसटी’. तू बाकावर बसलीस. आपला तो सोलापूरचा पोरगा आत आला. हातात काही नव्हतं, तरी खांद्यावरची बॅग त्याने अशी पेलली होती की तिचं वजन मला तिसऱ्या रांगेत जाणवलं. तो वाकला, तुझ्या पायांना हात लावला आणि हळूच म्हणाला, ‘आई, निघतो. बाबांना इतक्यात सांगू नकोस.’ सगळं सभागृह गप्प झालं. एका वाक्यात त्याने तुला मुलगा दिला, घर दिलं, घरी बसलेला बाप दिला आणि एक भांडण दिलं, जे अजून कुणी उच्चारलं नव्हतं. ताट वाढून पुढ्यात ठेवलं होतं. आणि तू म्हणालीस, ‘कुणाची आई? मी कंडक्टर आहे. तिकीट काढ!’

हशा आला. दणदणीत आला. टाळ्याही पडल्या. त्यानंतरची चार मिनिटं तो पोरगा पाकीट मारलं गेलेल्या माणसासारखा रंगमंचभर खिसे चाचपत फिरला.

‘पण बाई, लोक हसले ना?’ हसले. रस्त्यात कुणी सालीवरून घसरलं तरी लोक हसतात, म्हणून साल टाकणाऱ्याला आपण कलावंत म्हणत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी म्हण ऐकली असशील. तू एक पाऊल पुढे गेलीस. तू ती टाळ्यांना लावलीस.

इतक्यावर थांबली असतीस तरी मी तालमीत चार शब्द सुनावून सोडून दिलं असतं. पण रविवारी सकाळी त्या प्रसंगाची चित्रफीत तू सगळ्यांना पाठवलीस. अकरा सेकंदांची. त्यात तो पोरगा वाकतो तेवढा दिसतो, त्याचं वाक्य कापलेलं, तुझं मात्र पूर्ण. दुपारी मला निरोप : ‘बाई, इम्प्रोव्ह आता पुरे. स्क्रीनवर जायचं ठरवलंय. ऑडिशन्स आहेत, तालमीला जमणार नाही.’ नव्या नाटकात बदली कलाकार म्हणून उभी राहा असं मी सुचवलं होतं, त्याचं उत्तरही त्यातच : ‘मी कुणाची स्टेपनी नाही.’ आणि शेवटी एक फोटो. काळा-पांढरा झगमगीत पोशाख, डोक्यावर विग, ‘शिट्स क्रीक’ मालिकेतली मोइरा रोझ. खाली लिहिलंस, ‘मला हिच्यासारखं व्हायचंय.’

बरं झालं, तूच नाव काढलंस. गणिताचं पुस्तक मागून उघडून तू शेवटच्या पानावरचं उत्तर तेवढं पाहिलंस. आता मधली पानं मी वाचून दाखवते. जांभई आली तर तोंडावर हात ठेव.

ही बाई कॅथरीन ओ’हारा. जन्म टोरोंटोचा, १९५४ सालचा. सात भावंडांचं घर. टोरोंटोत ‘सेकंड सिटी’ या नाट्यसंस्थेची शाखा १९७३ मध्ये निघाली. मूळ संस्था शिकागोची, १९५९ ची. न्यूयॉर्कच्या एका लेखकाने शिकागोला दुय्यम ठरवणारे लेख लिहिले होते, तोच टोमणा या मंडळींनी नाव म्हणून पाटीवर लावला. अपमान गिळायचा कसा, हे पाटीपासूनच शिकवणारी संस्था! त्या टोरोंटोच्या नाट्यगृहात तुझी मोइरा पहिल्यांदा कशासाठी शिरली? टेबलावर बश्या नेऊन ठेवायला. वेट्रेस होती ती तिथे. रंगमंचावर प्रयोग चालायचा आणि ही पेले उचलायची.

मग १९७४ च्या सुमाराला ती मंडळीत आली. कशी? मंडळीतल्या गिल्डा रॅडनरची बदली म्हणून. हो, स्टेपनी. मान खाली घालू नकोस, ऐक. स्टेपनीला दुसऱ्याची भूमिका अशी यावी लागते की रात्री आठ वाजता निरोप आला तर साडेआठला पडदा वर जाईल. त्यासाठी दुसरीला रोज बघावं लागतं. ती कुठे श्वास घेते, हसू आल्यावर किती थांबते, समोरचा चुकला तर त्याला कसं सावरते. रॅडनर १९७५ मध्ये न्यूयॉर्कला ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या नव्या कार्यक्रमात गेली आणि जागा मोकळी झाली. जागा मोकळी होणं हा नशिबाचा भाग, हे मी मान्य करते. ती झाली त्या दिवशी तयार असणं हा नशिबाचा भाग नव्हता.

तुझं आवडतं वाक्य मी ऐकलंय. धाकट्या पोरींना सांगत होतीस, ‘इम्प्रोव्हला तालीम कसली? स्टेजवर गेलं की सुचतं.’ कोणी शिकवलं तुला हे? मी तर नाही. सेकंड सिटीत काम कसं चालतं ते कधी नीट वाचलंस? आधी बसवलेला, घोटलेला प्रयोग होतो. तो संपल्यावर प्रेक्षकांकडून शब्द मागून आयत्या वेळचे प्रसंग करतात. त्यांतला एखादा जमला तर तो टिपून ठेवतात, दुसऱ्या रात्री पुन्हा करतात, कापतात, जोडतात, आणि काही महिन्यांनी तोच पुढच्या प्रयोगात पक्का होऊन बसतो. म्हणजे सुचणं ही कच्ची कैरी. लोणचं मुरायला वेळ लागतो. तू कैरी फोडलीस आणि त्याच संध्याकाळी बरणीवर स्वतःचं नाव चिकटवलंस.

आणि या सगळ्याचं मूळ कुठे? व्हायोला स्पोलिन नावाच्या बाईत. शिकागोत निरनिराळ्या देशांतून आलेल्या स्थलांतरितांची मुलं होती. एकाची भाषा दुसऱ्याला धड येत नसे. त्यांना नाटकात आणायला या बाईने खेळ तयार केले. तू ‘बालवाडी’ म्हणून नाक मुरडतेस तो आरशाचा खेळ त्यांतलाच. समोरच्याने हात उचलला की आपण उचलायचा, आणि थोड्या वेळाने कोण पुढे आणि कोण मागे हेच कळेनासं व्हायचं. तिने १९६३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तिचाच मुलगा पॉल सिल्स सेकंड सिटीच्या संस्थापकांत होता. या विद्येच्या पायात विनोद नाहीच. पायात आहे ते समोरच्याकडे बघणं. विनोद वर उगवला. शनिवारी तू उगवलेलं तेवढं खुडलंस आणि मूळ उपटलंस.

गैरसमज नको. ओ’हारा जन्मतः शहाणी होती असं मी म्हणत नाही. सुरुवातीला प्रसंगात अडली की ती वेडसर पात्र घ्यायची. वेड्याने काहीही बोललेलं चालतं, त्याला कारण द्यावं लागत नाही. पुढे तिने स्वतःच सांगितलंय की ती तिची कुबडी होती. कुबडी! तिने आपल्या सवयीला योग्य नाव दिलं. तुझीही कुबडी आहे. अडलीस की तू समोरच्याला खोटा पाडतेस. ‘मी तुझी आई नाही’, ‘ही बंदूक नाही, केळं आहे’, ‘आपण चंद्रावर नाही, चिंचवडला आहोत.’ गेल्या सहा प्रयोगांत नऊ वेळा. मी वहीत लिहून ठेवलंय, हवं तर दाखवते. फरक इतकाच की तू त्या कुबडीला ‘माझी स्टाइल’ म्हणतेस.

पुढचं पान. १९७६ मध्ये याच मंडळींनी दूरचित्रवाणीवर ‘एससीटीव्ही’ सुरू केलं. मेलनव्हिल नावाच्या काल्पनिक गावातलं एक फुटकळ टीव्ही केंद्र, आणि त्या केंद्रावरचे एकाहून एक भिकार कार्यक्रम. पैसा बेताचा. नट स्वतःच लिहायचे. जॉन कँडी, यूजीन लेव्ही, आंद्रेआ मार्टिन, जो फ्लॅहर्टी आणि ही. १९८२ मध्ये तिला पहिलं एमी पारितोषिक मिळालं ते अभिनयाचं नाही, लेखनाचं, आणि तेही सगळ्या लेखकांसोबत वाटून घेतलेलं. मधे १९८१ मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ने तिला घेतलं होतं. एकदाही पडद्यावर न दिसता ती तिथून निघाली आणि आपल्या मंडळीकडे परतली. मोठं बोलावणं आलं की नाकारावं, असा याचा अर्थ काढू नकोस. आपण कुणासोबत चांगलं काम करतो हे तिला सत्ताविशीत कळलं होतं, एवढाच काढ. तुला तुझ्या मंडळीतल्या सगळ्यांची आडनावं तरी ठाऊक आहेत का? त्या पोराचं सांग. राहू दे.

आता सिनेमा, म्हणजे तुझ्या मते खरी सुरुवात. १९८५ मध्ये स्कोर्सेसीच्या ‘आफ्टर अवर्स’मध्ये आइस्क्रीमची गाडी चालवणारी बाई. १९८८ मध्ये ‘बीटलज्यूस’मध्ये विचित्र शिल्पं करणारी सावत्र आई. १९९० मध्ये ‘होम अलोन’. तो तू लहानपणी दहा वेळा पाहिला असशील, त्या चोरांच्या फजितीसाठी. आज घरी गेलीस की दुसरंच बघ. मुलाला घरी विसरून आलेली आई विमानतळावर अडकली आहे. पोल्का वाजवणारी एक मंडळी तिला आपल्या व्हॅनमधून न्यायला तयार होते. त्यांचा म्होरक्या म्हणजे जॉन कँडी, तिचा टोरोंटोचा जुना सोबती. एका लांबलचक दिवसात त्याचं सगळं चित्रीकरण उरकलं आणि त्याचं बरंचसं बोलणं आयत्या वेळचं. व्हॅनमध्ये तो तिला धीर द्यायला सांगू लागतो की मीही एकदा माझ्या पोराला विसरलो होतो, थेट अंत्यविधीच्या जागी, दिवसभर, प्रेताशेजारी. तो बोलत सुटतो. ती काय करते?

ऐकते. बाकी काही करत नाही. उपकार केलेल्या माणसाला गप्प बस म्हणता येत नाही म्हणून चेहरा सभ्य ठेवते. तरी प्रत्येक वाक्यासरशी डोळ्यांत स्वतःच्या पोराची काळजी आणखी एक पायरी उतरते. हशा कँडीच्या वाक्यांना येतो, पण तो तिच्या चेहऱ्यावर फुटतो. तिने तिथे एखादी टपली मारणारी कोटी केली असती तर? तिला ती सुचली नसेल असं वाटतं तुला? तिच्याकडे तुझ्यासारख्या दहा जणींना पुरेल इतकी जीभ होती. ती जीभ तिने दातांमागे ठेवली. कॅमेऱ्याला हेच दिसतं, पोरी. ऑडिशनच्या खोलीत तू वाक्य कसं म्हणतेस ते ते बघतातच. पण दुसऱ्याचं वाक्य चालू असताना तुझ्या चेहऱ्यावर काय घडतं, तेही पडद्यावर वावभर मोठं होऊन दिसतं. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा फक्त रांगेत उभं राहिल्याची भावना असते : ह्याचं कधी संपतंय आणि माझं कधी येतंय.

आणखी एक पान, आणि हे अधोरेखित कर. १९९६ ते २००६ या दहा वर्षांत तिने दिग्दर्शक क्रिस्टोफर गेस्टचे चार चित्रपट केले. ‘वेटिंग फॉर गफमन’, ‘बेस्ट इन शो’, ‘अ माइटी विंड’ आणि ‘फॉर युअर कन्सिडरेशन’. गेस्ट आणि यूजीन लेव्ही गोष्टीचा आराखडा आणि पात्रांची कुंडली लिहून द्यायचे. संवाद नव्हतेच. ते नटांनी कॅमेऱ्यासमोर बोलता बोलता शोधायचे. तू म्हणतेस ना, इम्प्रोव्ह सोडून स्क्रीनवर जाणार? ही इम्प्रोव्ह सोबत घेऊन स्क्रीनवर गेली. ‘बेस्ट इन शो’मध्ये कुत्र्यांच्या स्पर्धेला निघालेलं जोडपं आहे, नवरा लेव्ही आणि बायको ही. वाटेत जिथे तिथे तिचे जुने प्रियकर भेटत राहतात. तिला लाजायचंय, नवऱ्याची समजूत काढायचीय आणि आतून थोडं सुखावायचंही आहे. ‘अ माइटी विंड’मध्ये एकेकाळच्या लोकगीत-जोडीतली गायिका व्हायचं होतं म्हणून ती ऑटोहार्प हे तंतुवाद्य वाजवायला शिकली. त्यातलं गाणं ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचलं आणि २००४ च्या सोहळ्यात ती आणि लेव्ही ते त्याच पात्रांच्या रूपात गायले. आयत्या वेळचं काम करणारी बाई वाद्य शिकते! आणि तुला मालवणी बोलणारी आजी करायची होती तेव्हा आठ दिवस मालवणी ऐक म्हटलं, तर म्हणालीस, ‘चालतंय बाई, लोकांना कळत नाही.’

‘फॉर युअर कन्सिडरेशन’ मात्र तू माझ्यासमोर बसून बघायचा. त्यात ती एक मागे पडलेली नटी आहे. चित्रीकरण अजून चालू असतानाच कुठेतरी कुजबुज उठते की हिच्या कामाला ऑस्करचं नामांकन मिळणार. एवढ्या एका अफवेने त्या बाईचं काय होतं ते बघ. आधीची साधी, कष्टाळू बाई चेहरा ताणून घेते, तरुण पोरींचे कपडे चढवते, हसणं बदलते. नामांकन येत नाही. चेहरा मात्र तसाच राहतो. अकरा सेकंदांच्या चित्रफितीवर रविवारपासून तू किती वेळा बोट फिरवलंस, किती जणांनी पाहिलं ते मोजायला? त्या बाईची आठवण मला रविवारीच झाली.

मग तुझं लाडकं शेवटचं पान. ‘शिट्स क्रीक’, २०१५ ते २०२०, ८० भाग. मालिका सुरू झाली तेव्हा ओ’हारा साठीला टेकली होती. पडद्यावरचा नवरा कोण? पुन्हा यूजीन लेव्ही, टोरोंटोच्या दिवसांपासूनचा. आणि मालिकेला पूर्ण लिहिलेली संहिता होती. तिथे ती काय करायची? जुने, विस्मरणात गेलेले शब्द कोशांतून शोधून आपल्या संवादांत बसवायची. मोइराचा तो उच्चार आठव, जो जगातल्या कुठल्याच गावचा नाही. त्या विगांचीही कल्पना तिचीच. पहिल्याच वर्षी तो फळांच्या वाइनच्या जाहिरातीचा प्रसंग आहे. चव घेता घेता मोइरा झिंगते आणि वाइनवाल्याचं नाव काही केल्या जिभेवर येत नाही. ते अडखळणं इतकं मोजलेलं आहे की तालावर बोट धरता येईल. २०२० मध्ये तिला सर्वोत्तम विनोदी अभिनेत्रीचं एमी मिळालं. लेखनाच्या त्या पहिल्या एमीनंतर ३८ वर्षांनी. तुझं वय किती? चोवीस. म्हणजे तू जन्मलीस त्याच्याही आधीपासून ती दुसऱ्याचं ऐकत उभी होती.

‘ते तिकडचं झालं, बाई.’ वाटलंच होतं मला. मग इकडचं घे. तमाशात गण, गौळण झाली की बतावणी. एकजण विचारतो, दुसरा फिरकी घेतो. विचारणारा साधाभोळा आणि पक्का नसेल तर फिरकी हवेत जाते. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके हवालदार व्हायचे आणि त्या दिवशीच्या ताज्या बातमीवर आयत्या वेळी बोलायचे. लोक पुन्हा पुन्हा यायचे ते त्यासाठी. पुढे १९६९ मध्ये ‘तांबडी माती’, १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’. सिनेमात गेलेला तो माणूस वगाच्या फळ्यांवर शेकड्यांनी प्रयोग करून गेला. वगात आपलं वाक्य कुठे सोडायचं आणि गोष्ट पुन्हा रुळावर कुठे आणायची, हे त्याला झोपेतही कळत होतं. आयत्या वेळचं बोलायला मुळात वग यावा लागतो.

आता एक माझं सांगते, म्हणजे म्हातारी नुसती उपदेश करते असं वाटायला नको. तुझ्याच वयाची होते. स्पर्धेचं नाटक. माझ्या सोबतच्या नटीचा एक थांबा होता, लांब, रिकामा, अवघड. त्या थांब्यात मी एकदा पदर झटकला. जोरात हशा आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा झटकला. परीक्षकांनी मला बक्षीस दिलं, तिला काही नाही. पुढच्या अकरा प्रयोगांत ती बाई एकदाही माझ्या डोळ्यांत बघून बोलली नाही. माझ्या कपाळाकडे बघून बोलायची. ते प्रमाणपत्र त्या कपाटात आहे. मी ते भिंतीवर कधी लावलं नाही.

रडू नकोस. रडणं हीसुद्धा तुझी एक कुबडी आहे, आणि ती मी शिकवणीच्या पहिल्याच महिन्यात ओळखली होती.

ऑडिशनला जा. मी अडवत नाही. अडवणारी मी कोण? पण मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला इथे यायचं. चाळीस खुर्च्या तू मांडायच्या, प्रयोगानंतर तूच उचलायच्या. बदलीचं काम घ्यायचं. जिची बदली आहेस तिचे तीन प्रयोग विंगेत उभं राहून बघायचे आणि एक वही घालायची. त्या वहीत तुझं एकही वाक्य नको. समोरचा काय बोलला आणि तो बोलत असताना तिच्या चेहऱ्यावर काय झालं, एवढंच लिहायचं. ती चित्रफीत आज रात्री काढून टाकायची. त्या पोराला ‘सॉरी’चा निरोप पाठवायचा नाही. तसले निरोप फुकट असतात.

त्याच्याबरोबर तो प्रसंग पुन्हा करायचा. मंगळवारी, प्रेक्षकांशिवाय, माझ्यासमोर. बाक तोच, एसटी तीच. तो येईल, वाकेल आणि म्हणेल, ‘आई, निघतो. बाबांना इतक्यात सांगू नकोस.’

थांब. आत्ता तोंड उघडू नकोस. काय उत्तर देणार ते तुला आत्ताच सुचलंय, दिसतंय मला. ते इथेच टाकून जा. त्या दिवशी त्याचा आवाज कसा असेल ते तुला अजून ठाऊक नाही.

चहा गार झाला असेल. गरम करून घे, आणि जाताना कप विसळून ठेव.